मालगुजाराचं पाणी

अडकित्त्यात सुपारी धरून श्रीकृष्णराव थांबले. स्वयंपाकघरातलं बोलणं एकाएकी बंद पडलं होतं. इतका वेळ आतून दोन बायकांचे आवाज येत होते, एक शोभाताईंचा आणि दुसरा कोणातरी मुलीचा. ते ओसरीतून नुसते खाकरले, आणि दोन्ही आवाज बंद झाले. त्यांनी सुपारी कातरलीच नाही. अडकित्ता डब्यात ठेवला आणि हाक मारली.

"कोण आलं आहे गं?"

"नाजिया आहे, रहेमानभाईंची," आतून शोभाताई म्हणाल्या. "तुमच्याकडेच आली आहे."

माझ्याकडे आली तर आधी स्वयंपाकघरात कशाला गेली, हे त्यांनी तोंडाने विचारलं नाही. पण तहसील कचेरीत सारी उमर हेडक्लार्की केलेल्या माणसाला एक गोष्ट पक्की ठाऊक असते. ज्याचं काम सरळ असतं तो सरळ टेबलाशी येतो. जो आधी शिपायाच्या कानाला लागतो, त्याच्या अर्जात काहीतरी काळंबेरं असतं.

नाजिया बाहेर आली. अंगात धुवट सलवार-कमीज, डोक्यावर ओढणी, हातात कागद आणि पेन्सिल. रहेमान त्यांचा जुना मित्र, गावातल्या कापसाच्या जिनमधला फिटर. ही त्याची थोरली. यवतमाळला रक्त-लघवी तपासायचा कोर्स करून वर्षभरापासून घरीच होती. ती खुर्चीच्या अगदी काठावर बसली.

"काका, मंडळाच्या स्मरणिकेत एक लेख देऊन राह्यली मी. आपल्या दोन नाटकांतल्या दोन बापांवर. कोणाचा गर्व मोठा, कोण कशानं बुडाला, असा. म्हटलं, तुम्हाला विचारावं."

बोरी अरबच्या नाट्यमंडळाकडे नाटकं दोनच. कधीकाळी गावात बदलून आलेल्या एका पोस्टमास्तरांनी ती लिहून दिली आणि ते पुढच्या बदलीवर निघून गेले. नाटकांना नावंही होती, पण ती कोणी घेत नसे. एक किल्लेदाराचं, दुसरं मालगुजाराचं, म्हणजे गावच्या जमीनदाराचं. एका साली हे, दुसऱ्या साली ते. पहिल्यात लढाई हरून पळत आलेल्या पोराला किल्लेदार बाप दार उघडत नाही आणि पोरगा दाराबाहेर मारला जातो. दुसऱ्यात मुलीनं आपल्या मनानं लग्न केलं म्हणून मालगुजार पोळ्याच्या दिवशी भर गावात शपथ घेतो की, हिच्या हातचं पाणी पिणार नाही. बारा वर्षांनी तो मरायला टेकतो, नोकरचाकर पळून गेलेले, आणि उशाशी ती एकटीच लोटा घेऊन उभी. तो तोंड फिरवतो आणि तसाच तहानलेला मरतो. किल्लेदार नेहमी श्रीकृष्णरावांनी करायचा आणि मालगुजार रहेमाननं, हे ठरलेलंच. कोणाचा बाप भारी, यावरून दोघांनी इतक्या वर्षांत किती कप चहा प्याला असेल, ते हॉटेलवाल्यालाच ठाऊक.

त्यामुळे प्रश्न ऐकून श्रीकृष्णराव खुलले, हे नाकारण्यात अर्थ नाही. संशय जरा बाजूला सरकला.

"लिही," ते म्हणाले. "किल्लेदाराचा गर्व हा गर्वच नाही. ते कर्तव्य आहे. शत्रू दारात आलेला. दार उघडलं की किल्ला गेला, आतली बायकामुलं गेली. विचार करायला वेळ होता का त्याला? एका क्षणाचा खेळ. तुझ्या बापाच्या मालगुजाराचं तसं नाही. त्याच्यापाशी बारा वर्षं होती. बारा वर्षं जो अडून बसतो, त्याला अभिमानी म्हणत नाहीत, हेकट म्हणतात. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, तशातली गत."

नाजियानं लिहून घेतलं. मग पेन्सिल ओठाला लावून म्हणाली, "पण काका, शत्रू दारात आला नसते. तो कोसभर लांब असते. दुसऱ्या अंकात हेर येऊन तसं सांगून जाते."

"ते वाक्य आपण घेत नाही."

"मूळ वहीत आहे. मी पाहिलं."

"असेल. लांबण लागते म्हणून गाळतो. पहिल्यापासून गाळतो."

"हां," नाजिया म्हणाली, "ते गाळलं म्हणून किल्लेदार मोठा दिसते."

ती हे काही खोचकपणे बोलली नव्हती. तरी श्रीकृष्णरावांनी डब्याचं झाकण उगाच उघडलं आणि लावलं. पोरगी वही धुंडाळून आली होती. स्मरणिकेच्या दोन पानांसाठी कोणी एवढं करतं का? मागच्या सालच्या स्मरणिकेत निम्म्याहून जास्त जाहिरातीच होत्या, खताच्या आणि बियाण्याच्या, आणि ती पानं पुढे वर्षभर भजी बांधायच्या कामी आली होती.

"अजून एक विचारू का?" तिनं मान खाली घातली. "शेवटी मुलगी लोटा घेऊन उभी राहते. तो हातात देण्याऐवजी तिनं नुसता खाली ठेवला असता, आणि पाठ फिरवली असती, तर मालगुजार प्याला असता का?"

"म्हणजे?"

"आमच्या घरी अम्मी असंच करते. अब्बा रागावले, बोलणं बंद असलं, की चहा उंबऱ्यावर ठेवते न पाठ करून बसते. अब्बा पिऊन घेतात. कोणी पाहिलंच नाही, तर कोण हरलं न कोण जिंकलं? तसं तिनं केलं असतं तर? तुम्ही इतकी वर्षं बाप केला, काका. तुम्हाला माहीत असन. असा माणूस कुठंतरी नरम पडते का? त्याले कोणत्या रीतीनं विचारावं?"

शेवटच्या वाक्याला तिचा आवाज किंचित कापला. आणि नेमकं त्याच वेळी स्वयंपाकघरातला पोळ्या लाटण्याचा आवाज थांबला.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खोटं नाही. श्रीकृष्णरावांनी आतल्या दाराकडे पाहिलं, मग या पोरीकडे, आणि सगळं त्यांच्या ध्यानात आलं, निदान त्यांना तसं वाटलं. ही नाटकाचं विचारत नव्हती. ही प्राचीचं विचारत होती.

प्राची त्यांची एकुलती एक. पुण्याला नोकरीला गेली आणि तिकडेच रजिस्टर लग्न करून मग तिनं घरी कळवलं. मुलगा वाईट नव्हता, जातीचा प्रश्नही त्यांनी फार केला नसता. पण आधी विचारलं नाही, सांगितलं, हे त्यांच्या जिव्हारी लागलं. त्या दिवसापासून बापलेकीचं बोलणं नाही. कोणी विषय काढलाच तर ते एकच वाक्य बोलत. "एकदा विचारलं असतं, तर मी काय नाही म्हणणार होतो?" हे वाक्य शोभाताईंनी दर दिवाळीला ऐकलं होतं. लेक-जावई पुण्यात, ही दोघं इथे, आणि मधे टेलिफोन. तोही शोभाताईच उचलत. रविवारी दुपारी श्रीकृष्णराव तालमीला गेले की त्या पुण्याला बोलत, हे त्यांना ठाऊक होतं. कारण ते लवकर परतले की शोभाताई घाईनं फोन ठेवून म्हणत, "राँग नंबर होता." रविवारी त्यांच्या घरी राँग नंबर फार येत.

आणि आता या पोरीला पुढे केलं होतं. आधी आत बसून शिकवणी झाली, मग स्मरणिकेचं निमित्त.

"लिही," ते म्हणाले. आवाज किल्लेदाराचा लागला होता आणि तो त्यांना थोडा आवडलाही. "मालगुजार पाणी पिणार नाही. हातात दिलं तरी नाही, खाली ठेवलं तरी नाही, आणि पाठ फिरवून ठेवलं तरी नाही. असा माणूस नरम पडत नसतो. त्याला विचारून काही उपयोग नाही. आणि ज्या कोणी तुला हे विचारायला पाठवलं असेल, त्यालाही हेच सांग."

नाजियानं त्यांच्याकडे पाहिलं. तिला शेवटचं वाक्य कळलं नव्हतं, पण आधीची सगळी कळली होती. तिनं ते काही लिहिलं नाही. कागदाची घडी घातली, आतल्या काकूंना हात केला आणि चपला घालून गेली.

शोभाताई बाहेर आल्या. हात पिठाचे होते.

"काय बोललात हो तिला?"

"नाटकाचं," श्रीकृष्णराव म्हणाले. "तुमचं काय बोलणं चाललं होतं आत?"

"पोळ्यांचं," शोभाताई म्हणाल्या आणि परत आत गेल्या.

*

त्या साली पाळी मालगुजाराच्या नाटकाची होती, तालमी श्रीकृष्णराव घेत आणि त्या जिनमध्ये होत होत्या. एरवी हे कोणाच्या स्वप्नातही आलं नसतं. कार्तिकापासून जिनच्या शेडमध्ये माणसाला पाय ठेवायला जागा नसायची. बाहेर बैलगाड्यांची रांग, आत छतापर्यंत कापूस, आणि सरकी-रुई वेगळी करणाऱ्या रेच्यांची अशी घरघर की माणसं खाणाखुणांनी बोलत. पण कापसाचा भाव बसला, माल दुसरीकडे वळला, आणि मालकानं दोन हंगामांपूर्वी त्या सगळ्या रेच्यांवर ताडपत्र्या टाकून कुलूप लावलं. चावी रहेमानकडे ठेवली. मंडळाला फुकटात एवढी मोठी जागा मिळाली. मिळाली तेव्हा मंडळाचा पेटीवाला डोमाजी म्हणाला होता, "कोणाची म्हैस कोणाले उठबैस," आणि त्यावर हसायचं की नाही, हे कोणालाच कळलं नव्हतं.

वीज दिवसातून कधीही जाई, म्हणून तालीम दुपारी. गुरुवारी श्रीकृष्णराव पोचले तेव्हा शेडमध्ये रहेमान एकटाच होता. ताडपत्री बाजूला करून तो एका रेच्याच्या बेअरिंगला तेल देत होता. अंगात इस्त्रीचा शर्ट, शेजारी जेवणाचा डबा. जिन बंद झाली त्याच्या दुसऱ्या दिवशीही तो असाच डबा घेऊन वेळेवर आला होता, आणि अजूनही रोज येत होता. गावात त्यावरून चेष्टा होई, पण त्याच्या तोंडावर करायची कोणाची छाती नव्हती. एकदा हॉटेलात एकानं नुसतं म्हटलं होतं, भाई, आता दुसरं काम पाहा, नाहीतर पोरगी शिकलेली आहे तिला तरी लावा. त्यावर रहेमान सगळ्यांच्या देखत उभा राहून बोलला होता, "ही जिन सुरू होईपर्यंत रहेमानच्या घरचं कोणी दुसऱ्याच्या दारात कामाले जाणार नाही." लोक म्हणाले, वा, मालगुजार.

"नाजिया नाही आली?" श्रीकृष्णरावांनी विचारलं. नाटकातली मुलगी करणारी बाई नागपूरहून यायची, तीही प्रयोगाच्याच दिवशी. तोपर्यंत तालमीत तिची वाक्यं नाजिया वाचत असे.

"नाही म्हणे. डोकं दुखते." रहेमाननं तेलाचा डबा खाली ठेवला. चिंधीला हात पुसले आणि पुसतच राहिला. "श्रीकृष्णभाऊ, एक गोष्ट सांगू? पोरीचं काही समजून नाही राह्यलं मले."

"काय झालं?"

"नागपूरच्या एका दवाखान्यात तिले नोकरी लागली. रक्त तपासायची. मंगळवारी हजर व्हायचं आहे. मले तिच्या अम्मीनं, सुग्राबीनं सांगितलं, पोरीनं नाही. पोरगी आठ दिवस माझ्या मागंमागं फिरे. मी ओसरीत बसलो की यायची, उभी राहायची. आता बोलन, मग बोलन. मी गप. पाणी द्यायची न जायची. न सोमवारपासून समोर येणंच बंद. कोणी काही सांगितलं का तिले, देव जाणे."

सोमवारी नाजिया श्रीकृष्णरावांच्या ओसरीत बसली होती.

"मग तूच म्हण ना तिले, जा म्हणून," ते सावकाश म्हणाले.

"मी कसा म्हणू?" रहेमाननं मान वर केली. "चार माणसांत बोलून बसलो. आता मीच तिले म्हणू का, जा बाई, बापाची जिन काही सुरू होत नाही? पोरीनं मागितलं न बापानं दिलं, तर गोष्ट वेगळी होते. त्यात कोणाची मान खाली जात नाही. मी तर वाटच पाहून राह्यलो होतो, भाऊ. एकदा विचारलं असतं, तर मी काय नाही म्हणणार होतो?"

श्रीकृष्णराव कापसाच्या जुन्या गाठीवर बसले. बसले म्हणजे त्यांना बसावंच लागलं. त्यांचंच वाक्य होतं ते, एकही शब्द इकडचा तिकडे नाही. हे वाक्य त्यांनी इतक्या वेळा उच्चारलं होतं की ते खरं आहे की नाही, हे तपासायचं त्यांना कधी सुचलंच नव्हतं. आणि सोमवारी, आपल्या समजुतीनं प्राचीच्या वतीनं कोणी विचारायला आलं, अगदी हळू, मान खाली घालून आलं, तेव्हा ते काय म्हणाले? नाही. हातात दिलं तरी नाही, खाली ठेवलं तरी नाही. त्यांना स्वतःची लाज वाटली, आणि ती आपल्या वयाच्या माणसाला शोभत नाही असंही वाटलं, आणि तरी ती गेली नाही.

आणि पोरगी तर आलीच नव्हती प्राचीसाठी. ती आपल्या बापाला कसं विचारावं, एवढंच शिकायला आली होती. तिला वाटलं असेल, बाप करणारा माणूस आहे, याला बापांचं कळत असेल.

"काहून, बरं नाही वाटत का?" रहेमाननं विचारलं.

"वाटते," श्रीकृष्णराव म्हणाले. रहेमानला सगळं सांगून टाकावं असं त्यांच्या ओठांवर आलं. पण सांगितलं असतं तर रहेमानला हेही कळलं असतं की त्याची पोरगी दुसऱ्याच्या घरी जाऊन विचारून आली, आणि मग तो मंगळवारीच काय, कधीच हो म्हणाला नसता. ते त्या माणसाला ओळखून होते. "रविवारी नाजियाला घेऊनच ये. शेवटचा प्रवेश बसवायचा आहे. डोकं दुखत असलं तरी आण."

*

रविवारी ती आली. बापाच्या मागे चार पावलं ठेवून आली आणि श्रीकृष्णरावांकडे तिनं पाहिलं नाही. डोमाजी पेटी सोडून प्रॉम्प्टिंगची वही घेऊन बसला होता. रहेमान खाटेवर आडवा झाला आणि झाला तोच मालगुजार झाला. श्वास वरवर, हात खाटेच्या दांडीवर, नजर छताकडे. त्याच्यामागे ताडपत्र्या घातलेले रेचे ओळीनं उभे होते.

नाजियानं लोट्यात माठातलं पाणी भरलं आणि वाक्य म्हटलं. लोटा दोन्ही हातांनी पुढे केला. रहेमान तोंड फिरवणार, तोच श्रीकृष्णराव म्हणाले,

"थांबा. नाजिया, लोटा हातात देऊ नको. खाली ठेव, खाटेच्या पायाशी."

तिनं पहिल्यांदा त्यांच्याकडे पाहिलं.

"ठेव," ते म्हणाले. "आणि आता पाठ फिरव. तिकडे, रेच्यांकडे तोंड कर."

"भाऊ, वहीत असं नाही," डोमाजी म्हणाला.

"माहीत आहे मला वहीत काय आहे ते. वही मिट."

नाजियानं लोटा ठेवला. लोटा फरशीवर जरा वाजला. ती वळली आणि ताडपत्र्यांकडे तोंड करून उभी राहिली.

"मंग मी काय करू?" खाटेवरून रहेमाननं विचारलं.

"तुले जे वाटन ते कर. आम्ही कोणी पाहत नाही." आणि श्रीकृष्णराव स्वतः वळले. डोमाजीला त्यांनी खांद्याला धरून वळवलं. भिंतीवर हंगामाच्या वेळचे 'विडी ओढू नये' असे लाल अक्षरातले शब्द होते, ते दोघं वाचत उभे राहिले.

बराच वेळ काही झालं नाही. श्रीकृष्णरावांना शंका आली की आपण हाही खेळ बिघडवला. रहेमान काही खुळा नव्हता. कोण कोणाला काय करायला लावतंय, हे त्याला एव्हाना समजलं असेल, आणि समजलं असेल तर तो आता उठून शर्ट झटकेल आणि डबा घेऊन चालू लागेल. मग खाट करकरली. मग लोटा उचलल्याचा आवाज झाला, आणि मग घोट. माणूस घोटभर पितो तसे नाहीत, तहानलेला पितो तसे, एकामागून एक.

"नाजिया," श्रीकृष्णराव भिंतीकडेच पाहत म्हणाले, "आता बोल."

"माझं वाक्य संपलं, काका."

"वहीतलं संपलं."

शेडच्या पत्र्यावर कबुतरं फिरत होती, त्यांचे पाय वाजत होते. नाजियानं ओढणीचं टोक मुठीत धरलं.

"अब्बा," ती ताडपत्र्यांना म्हणाली, "मंगळवारी मले नागपूरले जायचं आहे. नोकरीवर. जाऊ का?"

लोटा खाली ठेवला गेला. मालगुजाराचा श्वास कधीच सुटला होता, आता होता तो साधा रहेमानचा, थोडा जाड.

"गाडी किती वाजताची आहे?" त्यानं विचारलं.

तिनं वळून पाहिलं नाही. ओढणीचं टोक तोंडाशी नेलं आणि तशीच उभी राहिली.

"सकाळची," ती म्हणाली.

"सकाळी थंडी राहते. माझी शाल घेऊन जाजो."

डोमाजीनं वही अर्धवट उघडून श्रीकृष्णरावांच्या कानाशी तोंड आणलं. "हे लिहून घ्यायचं का, भाऊ?"

"नाही," श्रीकृष्णराव म्हणाले. "हे गाळायचं."

रहेमान खाटेवरून उठला. तोंड पुसून त्यानं शर्टाच्या बाह्या सारख्या केल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बजावलं, "पण सांगून ठेवतो, श्रीकृष्णभाऊ. प्रयोगात मी पाणी पिणार नाही. मालगुजार म्हणजे मालगुजार."

"नको पिऊ," श्रीकृष्णराव म्हणाले.

निघताना नाजिया दाराशी त्यांच्याजवळ थांबली. रहेमान आत कुलूप शोधत होता.

"तुम्ही तर म्हणाले होते, काका, की तो पिणारच नाही. खाली ठेवलं तरी नाही."

"मी माझं सांगितलं होतं, बेटा. तुझ्या बापाचं नव्हतं ते."

ती त्यांच्याकडे पाहत राहिली. "हां," ती म्हणाली, "काकूही हेच म्हणाल्या होत्या, की..." आणि तिनं ओठ मिटले. मागून रहेमान आला. तिनं मान लववली आणि ती बापाबरोबर चालू लागली, या वेळी शेजारून.

काकू काय म्हणाल्या होत्या? घरापर्यंतच्या वाटेवर श्रीकृष्णरावांच्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. आणि कधी म्हणाल्या होत्या, ती मला विचारायला येण्याआधी की नंतर? त्यांचा संशय गेला होता असं त्यांनाच वाटलं होतं, पण तो फक्त कोपऱ्यात जाऊन बसला होता.

दार लोटलेलं होतं. ते आत आले तेव्हा शोभाताई टेलिफोनशी बसल्या होत्या. तालीम लवकर सुटल्याचं त्यांना ठाऊक नव्हतं, किंवा असावं, काय सांगता येतं? श्रीकृष्णराव उंबऱ्यात थांबले आणि नेहमीचे दोन शब्द ऐकायची वाट पाहू लागले.

शोभाताईंनी त्यांना पाहिलं. "थांब हं," त्या फोनमध्ये म्हणाल्या. मग त्यांनी रिसीव्हर जागेवर ठेवला नाही आणि यांच्या हातातही दिला नाही. टेबलावर, अडकित्त्याच्या डब्याशेजारी तो आडवा ठेवला, तुरीच्या शेंगांचं सूप उचललं आणि खिडकीकडे तोंड करून, त्यांच्याकडे पाठ करून, शेंगा सोलत बसल्या.

श्रीकृष्णराव त्या पाठीकडे पाहत राहिले. हे यांना कोणी शिकवलं? त्या पोरीनं पोळ्या लाटताना? की पोरीलाच इथून शिकवून ओसरीत पाठवलं होतं, आणि सुग्राबीच्या उंबऱ्यावरचा चहा हा नुसता बहाणा होता? मग त्या दिवशीचा अर्ज खरोखर कोणाचा होता, तिचा, की हिचा, की दोघींचा एकच? हेडक्लार्क असते तर त्यांनी दोघींचे जबाब घेतले असते.

"कोणाचा आहे?" त्यांनी विचारलं.

शोभाताईंनी मान वळवली नाही. पण शेंगा सोलायचा आवाज थांबला होता.

टेबलावरच्या रिसीव्हरमधून बारीक आवाज येत होता. "आई? आई, आहेस ना? कट झाला का गं?"

श्रीकृष्णरावांनी एकदा पत्नीकडे पाहिलं. ती पाहत नव्हती. त्यांनी रिसीव्हर उचलून कानाला लावला आणि पलीकडचा आवाज एकदम गप्प झाला, नुसता श्वास ऐकू येऊ लागला.

"राँग नंबर नाही," ते म्हणाले. "मी आहे. बोल."